लोणच्याची डबी

पुडी बांधायला मी वर्तमानपत्राचा कागद फाडला आणि दत्ता दोन पावलं मागे सरकला.

"सिस्टर, पुडी नको."

दत्ता हे त्याचं खरं नाव नाही. वय चाळिशीच्या आसपास, मानखुर्दला आईजवळ राहणारा. दीड वर्ष रोज सकाळी आमच्याकडे येत होता. आमचं ओएसटी सेंटर, नशेच्या जागी औषध देणारं, म्हणजे हार्बर लाईनवरच्या एका स्टेशनाजवळच्या दोन खोल्या. सुईने नशा करणाऱ्यांना इथे रोज बुप्रेनॉर्फिनची गोळी देतात, फुकट. नॅकोनं, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेनं, हे मुळात एचआयव्ही रोखायला हाती घेतलं, एकाची सुई दुसऱ्याच्या शिरेत जाऊ नये म्हणून. मी तिथे नर्स.

रोज म्हणजे रोज. रविवार नाही, दिवाळी नाही. क्लायंटनं यायचं, रजिस्टरवर सही करायची. मी गोळ्या चुरडून भुकटी जिभेखाली घालणार. मग पाच-दहा मिनिटं बाकड्यावर गप्प बसायचं. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. शेवटी "आ कर, जीभ वर" म्हणत मी तोंडात टॉर्च मारणार. गोळी गालात दडवून बाहेर विकणारे मी पाहिलेत, पाण्यात कालवून टोचणारेही पाहिलेत. त्यामुळे त्या टॉर्चचं मला कधी वाईट वाटलं नाही. सिस्टरची नजर बेकार आहे, असं क्लायंट आपसात म्हणायचे आणि मला ते कौतुक वाटायचं.

नवीन माणसाला मी एसटीचं सांगते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी ही गोळी मेंदूत मालाची, म्हणजे नशेच्या पदार्थाची, जागा धरते. स्वतः बऱ्यापैकी शांत बसते. मागून माल आला तरी त्याला सीट नाही. पण माल आधीच बसलेला असताना गोळी आत शिरली, तर ती त्याला उठवते आणि अशी टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, लागते की माणूस फरशीवर लोळतो. म्हणून पहिल्या दिवशी जांभया, नाकातून पाणी, अंगावर काटा हे सगळं सुरू होईपर्यंत आम्ही गोळी देतच नाही. बिचारे शिव्या घालतात.

22 मार्च 2020 च्या रात्री लोकल बंद झाल्या. 25 तारखेला पाडवा होता आणि तोच देशभरच्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. एरवी दारात चपलांचा ढीग असायचा, त्या सकाळी मोजून अकरा जोड. तोंडात भुकटी घेण्याआधी एक म्हातारा क्लायंट म्हणाला, "सिस्टर, लोक पाडव्याला कडुलिंब खातात. आमचा रोजच पाडवा."

बाकीच्यांचे फोन यायला लागले. पोटऱ्यांत गोळे येतायत, जुलाब थांबत नाहीत, रात्रभर डोळा नाही. माझ्या सासूबाईंची बीपीची गोळी नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत होती. यांची तशी मिळत नाही. बुप्रेनॉर्फिन अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात येतं आणि व्यसनावरची ही गोळी केमिस्टकडे नाही, केंद्रांकडेच जाते. त्याला कारण आहे, याच औषधाचं इंजेक्शन नशेसाठी टोचून घेणारे आहेत. पण ज्याला पोलिसांनी गल्लीच्या तोंडावरून परत पाठवलंय, त्याला हे कारण फोनवर काय सांगणार? "टर्की लागलीय" म्हणतो, आणि मी "पाणी पीत राहा" म्हणते. मला वेगळीच धास्ती होती. इतके दिवस माल न घेतलेला माणूस घाबरून पहिल्यासारखाच डोस टोचून बसला, तर शरीराला आता त्याची सवय राहिलेली नसते. श्वास बंद पडतो.

मग टेक-होमची परवानगी आली. काही दिवसांच्या गोळ्या क्लायंटच्या हातात द्यायच्या. टॉर्च नाही, बाकडं नाही.

पहिल्याच दिवशी दत्ता आला तो गोवंडी, चेंबूर मागे टाकत रुळांच्या कडेनं चालत. डाव्या पोटरीवर काठीचा वळ. कुठे चाललास असं विचारल्यावर त्यानं "गोळी घ्यायला" असं खरं सांगितलं होतं, तिथेच चुकलं. डॉक्टरांनी लेटरहेडवर चिठ्ठी लिहून शिक्का मारून दिला. त्याचा रोजचा डोस 2 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. त्या दिवसाचा समोर दिला, पुढच्या चार दिवसांच्या बारा मोजल्या. आणि हाताच्या सवयीनं पुडी बांधायला घेतली.

"बरं, मग स्ट्रिपच ने."

त्यानं स्ट्रिपकडे पाहिलं, हात पुढे केला नाही. "ही पण पन्नीच आहे ना."

सुईवर यायच्या आधी कित्येक वर्षं त्यानं पन्नीवर माल जाळून ओढला होता. पुडी उघडायची, पन्नी पसरायची. मी रोज त्याच्यासमोर स्ट्रिप फोडत होते आणि हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

माझ्या टिफिनमध्ये लोणच्याची स्टीलची डबी असते, बोटभर उंचीची. ती साबणानं घासली, गॉझनं पुसून कोरडी केली, गोळ्या सुट्ट्या करून त्यात टाकल्या. त्याच्या घरात बहिणीची लहान मुलगी होती, म्हणून दोनदा बजावलं: डबी आईच्या कपाटात, कुलपात. तुला चालते ती गोळी त्या पोरीचा जीव घेईल. आणि वर दारू अजिबात नाही.

खरं सांगते, डबी परत येईल असं मला वाटलं नव्हतं, गोळ्यांचं तर सोडाच. बाहेर त्या बारा गोळ्यांना काय भाव येईल, याचा हिशोबही मी मनात करून ठेवला होता.

पाचव्या दिवशी त्यानं शर्टाच्या खिशातून डबी काढली. आत काहीतरी खुळखुळलं. चार गोळ्या शिल्लक.

माझ्या डोक्यात सरळ आलं, मधे माल केला आणि गोळी चुकवली. आवाज चढवला. "मधे काय केलंस?"

"दोन-दोन घेतल्या." नाक वाहत होतं, हातावर काटा उभा होता. "तुमचं सेंटर बंद झालं तर काय, म्हणून मागे टाकल्या."

चार दिवस हा माणूस अर्ध्या टर्कीत बसून होता आणि आईच्या कपाटात गोळ्या वाढत होत्या. मी चिडलेच. तीन म्हणजे तीन, शिल्लक टाकायला हे काय रेशनचे तांदूळ आहेत? तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्या दिवसाच्या तीन चुरडल्या, जिभेखाली घातल्या. रजिस्टरमध्ये दिलेल्या गोळ्यांचा रकाना आहे, परत आलेल्यांचा नाही. समासात पेन्सिलीनं लिहिलं, "4 शिल्लक".

मग डबीत पुन्हा बारा मोजून टाकल्या. दहा मिनिटं झाली तेव्हा तो तोंड उघडून म्हणाला, "सिस्टर, लोणच्याचा वास जात नाही हिचा. आई म्हणते, औषध लिंबाचं आहे का?"