बॉयलर मोठा हवा होता, पण पाणीच कमी होतं

एका घरात दुसरी बाथरूम झाली आणि तक्रार सुरू झाली. दोन्ही शॉवर एकदम लावले की दोन्हीकडे कोमट पाणी. भिंतीवर 24 किलोवॅटचा जुना कॉम्बी बॉयलर (नळाचं पाणी आणि खोल्यांमधले रेडिएटर दोन्ही तापवणारं गॅसचं यंत्र) होता आणि कुणीतरी थेट 42 किलोवॅटचा घ्यायला सांगितलं होतं. घरच्यांना माझ्याकडून फक्त होकार हवा होता. मी आधी बादली आणि थर्मामीटर मागितला.

कॉम्बीत गरम पाण्याची टाकी नसते. नळ उघडला की पाणी वाहतं तसंच तापतं, त्यामुळे सगळा हिशोब तीन आकड्यांवर येतो: मिनिटाला किती लिटर, किती अंशांनी तापवायचं आणि किती किलोवॅट. लिटर गुणिले अंश, भागिले 14.3, आले किलोवॅट. शॉवरमध्ये गरम-गार मिसळलं तरी गणित बदलत नाही, कारण अंगावर पडणारं सगळं पाणी शेवटी 40 अंशांचंच असतं.

नळातून येणारं गार पाणी 6 अंशांचं निघालं. म्हणजे 34 अंश चढवायचे. त्या हिशोबाने 24 किलोवॅटमध्ये मिनिटाला 10 लिटर मिळायला हवेत. माहितीपत्रकात मात्र 11.4 लिटर छापलेले होते, कारण तो आकडा 30 अंशांच्या वाढीवर काढलेला. दोन कंपन्यांच्या बॉयलरची तुलना करताना हे आधी बघा. एक 30 अंशांवर सांगते, दुसरी 35 वर, आणि तेवढ्यानेच एक बॉयलर उगाच दमदार वाटतो.

प्रत्यक्षात गरम नळाखाली बादली धरली, 40 अंशांवर पाणी स्थिर केलं, तर मिनिटाला 7.2 लिटरच भरले. म्हणजे 17 किलोवॅट. बाकीचे 7 गेले कुठे? घरातली बाकीची गॅसची उपकरणं बंद करून गॅसचा मीटर बघितला. दोन मिनिटांत 0.06 घनमीटर. एका घनमीटर नैसर्गिक वायूत साधारण 10.5 ते 11 किलोवॅट-तास असतात. बॉयलर पूर्ण जोरात असता तर हा आकडा 0.08 च्या पुढे गेला असता. म्हणजे उष्णता वाया जात नव्हती, बर्नरच दबून चालत होता.

असं झालं की दोन संशयित असतात. तापलेलं पाणी रेडिएटरकडे की नळाच्या पाण्याकडे वळवायचं हे ठरवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह अर्धवट अडकला असेल तर गरम नळ चालू असताना रेडिएटरकडे जाणारा पाइपही तापतो. इथे तो हाताला गारच लागला. राहिला प्लेट हीट एक्स्चेंजर, म्हणजे बॉयलरच्या आतल्या पाण्याची उष्णता नळाच्या पाण्याला देणारा पातळ पत्र्यांचा भाग. पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त, असलं की त्याच्या अरुंद फटींत क्षार बसतात, बॉयलरच्या आतल्या पाण्याची उष्णता नळाच्या पाण्यात उतरत नाही, आतलं पाणी तापमानाच्या मर्यादेला भिडतं आणि बॉयलरचं नियंत्रण सर्किट ज्योत कमी करतं. एक्स्चेंजर काढून हातात धरला तर वजनानेच कळत होतं. पांढरे कण झडले, पण धुऊन तो पूर्ण मोकळा होईना. नवा बसवल्यावर बादलीत 10 लिटर यायला लागले.

एका शॉवरला तेवढे पुरतात, दोघांना नाहीत. जुना शॉवर 8 लिटर ओढत होता, डोक्यावरचा नवा रुंद शॉवर 13. मिळून 21, म्हणजे 50 किलोवॅट. मग बॉयलरपाशी येणाऱ्या गार पाण्याच्या पाइपलाच बादली लावली: 12.5 लिटर, त्यापुढे थेंब नाही. दाबाचा काटा नळ बंद असताना छान दिसत होता, पण वाहत्या पाण्याबद्दल तो काहीच सांगत नाही. 42 किलोवॅटचा बॉयलर याच थंडीत मिनिटाला 17 लिटर तापवू शकला असता, पण ते पाणी या घरात येतच नव्हतं. 12.5 लिटरला 30 किलोवॅट पुरतात. मुख्य पाइपच्या दाबावर चालणारी गरम पाण्याची टाकी बसवूनही हा अडथळा सुटत नाही, कारण ती भरते त्याच पाइपमधून आणि गार पाणीही तिथूनच येतं. त्यासाठी साठवण आणि पंप लागतो, किंवा रस्त्यापासून जाड पाइप.

मोठ्या बॉयलरचा आणखी एक त्रास असतो, आणि तो उशिरा कळतो. या घराला कडाक्याच्या थंडीतही हीटिंगला, म्हणजे खोल्या गरम ठेवायला, 7 किलोवॅटच लागत होते. कॉम्बीचा आकार गरम पाण्यावरून ठरतो, हीटिंगवरून नाही. म्हणून ज्योत किती खाली येते हे बघणं भाग आहे. किमान 8 किलोवॅटवर चालणारा बॉयलर सौम्य हवेत सारखा पेटतो-विझतो, गॅस जास्त खातो आणि लवकर झिजतो. आम्ही 3 किलोवॅटपर्यंत उतरणारा 30 चा निवडला आणि हीटिंगची कमाल 9 वर बांधली.

गॅसचा पाइप बदलावाच लागला. मीटरपासून बॉयलरपर्यंत दाब 1 मिलिबारपेक्षा जास्त घसरू द्यायचा नसतो. पूर्ण जोरातल्या 24 किलोवॅटला 15 मिलिमीटरच्या पाइपात तो 0.9 घसरत होता. ही घसरण साधारण गॅसच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 30 ला ती 1.4 झाली असती. 22 मिलिमीटरचा टाकला. दरपत्रकात ही ओळ नसेल तर विचाराच. नुसता बॉयलर बदलून गेलेल्या ठिकाणी मला अर्ध्या ज्योतीवर चालणारी नवी यंत्रं सापडलेली आहेत.

दोन्ही शॉवरना मिनिटाला 6 लिटरपेक्षा जास्त पाणी जाऊ न देणारे फ्लो रेग्युलेटर लावले. रुंद शॉवरची धार पातळ होणार होती, म्हणून त्याचं डोकं बदलून लहान छिद्रांचं घेतलं. आता दोन्ही चालू असताना मिनिटाला 12 लिटर जातात, दोन्हीकडे 40 अंश टिकतात. त्याच वेळी स्वयंपाकघरातला नळ उघडला तर धार कमी होते, आणि हे मी काम घेण्याआधीच सांगितलं होतं. गरम पाण्याचं तापमान 48 अंशांवर ठेवलं आणि गार पाण्याच्या पाइपवर क्षाररोधक बसवला. 60 च्या वर ठेवलं तर क्षार फार भराभर बसतात, आणि इथलं पाणी काय करतं ते जुन्या एक्स्चेंजरमध्ये दिसलंच होतं.