हे तर कुणालाही सुचलं असतं!

मागच्या महिन्यात एक फाइल आली आणि मी चहाचा कप ठेवायच्या आत ठरवून टाकलं की हे दोन दिवसांचं काम आहे. माझं काम म्हणजे पेटंट सर्च. अमेरिकन पेटंट कुणाला तरी पाडायचं, म्हणजे रद्द करून घ्यायचं असतं, त्यासाठी त्याच्या आधीचे जुने कागद, म्हणजे प्रायर आर्ट, शोधून द्यायचे. शिक्षण मेकॅनिकलचं, त्यामुळे पंप, व्हॉल्व्ह, कपलिंग असलं सगळं फिरून फिरून माझ्याच टेबलावर येतं.

तर पेटंट होतं स्प्रे गनच्या होज कनेक्टरचं. (नंबर, क्लायंट काही सांगणार नाही, आणि रचनाही इथे जराशी बदलून लिहितेय, समजून घ्या.) गनच्या मुठीच्या तळाला जिथे होज जोडतात तिथे एकाऐवजी दोन स्विवेल, म्हणजे फिरते सांधे, एक होजच्या अक्षाभोवती फिरणारा आणि दुसरा त्याला काटकोनात, म्हणजे गन कशीही फिरवा, होजला पीळ पडणार नाही. आकृती १ बघितली आणि मी हसलेच. सरांना म्हणाले, सर हे तर कुणालाही सुचलं असतं, शॉवरच्या होजला असतं, पेट्रोल पंपाच्या नॉझलला असतं. सर म्हणाले, "सुचलं असतं ना? मग कुणाला सुचलं होतं ते तारखेसकट आणून दे."

इथेच सगळी गंमत आहे. आपण 'ऑब्व्हियस' हा शब्द रोजच्या बोलण्यात वापरतो तसा तो कायद्यात नाहीये. अमेरिकेच्या पेटंट कायद्याचं कलम १०३, १९५२ पासूनचं, ते म्हणतं उघड गोष्टीला पेटंट नाही. प्रश्न असा असतो की त्या क्षेत्रातल्या साधारण कसबी माणसाला, अर्ज भरायच्या आधी जे काही जगात माहीत होतं तेवढ्या शिदोरीवर, हा क्लेम, म्हणजे पेटंटमध्ये ज्या रचनेवर हक्क सांगितलाय ती, आख्खाच्या आख्खा उघड वाटला असता का. मला वाटतं का, सरांना वाटतं का, हा प्रश्नच नाही. आणि मी तर पेटंट वाचून बसलेय, उत्तर बघून गणित सोडवल्यासारखं, मला सगळं सोपंच वाटणार. याला हाइंडसाइट म्हणतात आणि या धंद्यात निम्मी भांडणं त्याच्यावरच होतात.

तर मी कामाला लागले. पहिल्या दिवशी दोन चांगले कागद मिळाले. एक प्रेशर वॉशरच्या गनचं जुनं पेटंट, त्यात मुठीखाली स्विवेल. दुसरं इंधनाच्या नॉझलचं, त्यात दोन अक्षांवर फिरणारा सांधा. अ अधिक ब, झालं काम, असं म्हणून क्लेम चार्ट भरायला घेतला, डावीकडे क्लेमचा एकेक तुकडा, उजवीकडे जुन्या कागदातली ओळ, आणि सगळं भराभर बसत गेलं, शेवटच्या तुकड्यापर्यंत. तिथे लिहिलं होतं की दोन्ही सांधे "फवारणीच्या दाबाखाली असताना हाताने मुक्तपणे फिरतात".

मुक्तपणे. दाबाखाली. आता इंधनाच्या नॉझलमध्ये दाब किती असतो, काहीच नाही म्हणा. एअरलेस स्प्रेमध्ये, जिथे हवेशिवाय नुसत्या पंपाच्या दाबाने रंग फवारतात, तिथे ३००० पीएसआय, म्हणजे २०० बारच्या पुढे. मी आधी हे वाक्य वकिली भरताड समजून सोडून दिलं होतं. मग वाटलं एकदा वस्तू हातात तरी घ्यावी.

माझा मामेभाऊ रंगकाम करतो, त्याच्याकडे एअरलेस मशीन आहे. रविवारी गेले. त्याने गन माझ्या हातात दिली, मशीन बंद, स्विवेल दोन बोटांत धरून फिरवला, अगदी लोण्यासारखा फिरला. मी म्हणाले हे बघ, फिरतोय की. तो म्हणाला, "ताई, थांब जरा." मशीन चालू केलं, दाब चढू दिला, ट्रिगरचं लॉक लावलं, आणि म्हणाला आता फिरव. हलेना! दोन्ही हात लावले तेव्हा कुठे कचकन थोडासा सरकला आणि परत अडकला. होज पण एव्हाना काठीसारखी ताठ झालेली. "दिवसभर हे मनगटावर येतं," तो म्हणाला, "म्हणून आम्ही गन नाही वळवत, आम्हीच वळतो." (आणि हो, दाब असताना त्या टिपसमोर बोट न्यायचं नाही, चुकूनसुद्धा. रंग कातडीतून आत घुसतो, वरून बारीकसा टोचल्यासारखा दिसतो आणि आत सगळी वाट लागते, सरळ हॉस्पिटल गाठायचं.)

घरी येऊन कागदावर हिशोब मांडला. सीलचा व्यास १० मिलिमीटर धरला, दाब ३००० पीएसआय, तर स्विवेलचे दोन तुकडे एकमेकांपासून ओढून काढणारं बल निघतं साधारण १६० किलोचं. म्हणजे एक दणकट माणूस आणि वर एक दहाबारावीतला पोरगा, दोघं त्या अंगठ्याएवढ्या सांध्याला लटकलेत आणि मी म्हणतेय फिरव. आत नुसती कॉलर कॉलरवर घासत असेल तर तो फिरणारच नाही. त्यात ओ-रिंग, म्हणजे सीलचं रबरी कडं, दाबाने ती खाचेत दाबली जाते आणि आणखी घट्ट धरते, जास्त दाबाला तर फटीत घुसून चिरते म्हणून मागे टेफ्लॉनची बॅकअप रिंग लावतात, तिचंही घर्षण आलंच. शिवाय कुठली ओ-रिंग हा वेगळाच वैताग, नायट्राइल रबराची घ्या तर अ‍ॅसिटोनसारख्या सॉल्व्हंटने फुगते, व्हायटॉन महाग आणि तीही अ‍ॅसिटोनपुढे टिकत नाही.

म्हणजे शॉवरच्या होजवरून हसण्यात अर्थ नव्हता. 'दोन स्विवेल लावा' हे उघड असेल, पण 'लावले तर चालतील' हे उघड होतं का? कायद्यात हे दोन वेगळे मुद्दे आहेत. एक, दोन जुन्या गोष्टी एकत्र करायला त्या माणसाकडे काही कारण होतं का, आणि दुसरं, केल्या तर जमेल अशी वाजवी खात्री होती का. पहिल्याला माझ्याकडे उत्तर होतं, दुसऱ्याला नव्हतं.

सरांना फोन केला. ते म्हणाले कुक केमिकल वाचलंस का? वाचलं होतं, म्हणजे नाव ऐकलं होतं. सगळे ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअरच घोकतात, ती नांगराच्या फाळाच्या क्लॅम्पची केस, २१ फेब्रुवारी १९६६, प्रायर आर्ट काय होतं, क्लेम आणि त्यात फरक काय, कसबी माणसाची पातळी काय, ही मोजपट्टी तिथूनच आली. पण त्याच निकालात जोडून आणखी एक केस आहे ती स्प्रेचीच, कॅल्मार विरुद्ध कुक केमिकल. कीटकनाशकाच्या बाटलीवरचा तो बोटाने दाबायचा प्लास्टिकचा स्प्रेयर असतो ना, तो बाटलीवर बसवून पाठवला की वाटेत गळायचा. स्कॉगिन नावाच्या माणसाने वर एक टोपी काढली जी पंपाचा दांडा खाली दाबून धरते आणि बाटली सीलपण करते. धंदा जोरात चालला. सगळ्या इंडस्ट्रीची डोकेदुखी गेली. तरी सुप्रीम कोर्टाने पेटंट रद्द केलं!

का, तर पेटंट ऑफिसात अर्ज फेटाळला जातोय म्हणून क्लेम अरुंद करत करत शेवटी उरलं काय, वॉशरऐवजी एक उंचवट्याची कडा आणि टोपीखाली बारीकशी मोकळी जागा, एवढंच. आणि ती कडा आधीच होती, द्रव ओतायच्या तोटीच्या एका जुन्या पेटंटमध्ये. कुक केमिकलवाले म्हणाले तोट्यांचा आमच्याशी काय संबंध, आम्ही कीटकनाशकवाले. कोर्टाचं म्हणणं असं की तुमचा प्रश्न कीटकनाशकाचा नव्हताच, झाकण नीट बसवायचा होता, मग झाकणं जिथे जिथे आहेत तिथे बघायला हवं होतं. मला हे फारच आवडलं. धंदा कुठला ते बघू नका, अडलंय काय ते बघा.

मग मी स्प्रे गन हा शब्दच सर्चमधून काढून टाकला. माझा प्रश्न रंगाचा नव्हता, दाबाखाली अडकणाऱ्या सांध्याचा होता. आणि हायड्रॉलिक्समध्ये गेल्यावर काय, रांगच लागली. तेलाच्या लायनीतले जुने बॉल स्विवेल, आत दोन खाचांमध्ये पोलादी गोळ्यांच्या दोन ओळी, ओढणारं सगळं बल गोळ्या घेतात, सील फक्त सील करतं. एका पेटंटमध्ये तर सरळ लिहिलं होतं की जास्त दाबालाही सांधा कमी ताकदीत फिरावा म्हणून ही रचना. खुर्चीतच उडी मारली मी.

समोरचा पक्ष म्हणणार की हायड्रॉलिक तेल कुठे आणि रंगाची गन कुठे, हे अ‍ॅनालॉगस आर्ट नाही, म्हणजे तुलनेला चालेल असं जवळचं क्षेत्र नाही. म्हणू देत. २००७ ची एक केस आहे, घडी होणाऱ्या ट्रेडमिलची, तिथे घडीच्या पलंगाचं पेटंट चाललं, कारण दोघांचा प्रश्न एकच, जड भाग उचलून धरायचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केएसआरचा निकाल आला, गाडीच्या अ‍ॅडजस्ट होणाऱ्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावायचा तो. त्याआधी खालच्या कोर्टात जवळजवळ हट्टच असायचा की दोन गोष्टी एकत्र करा असं जुन्या कागदात कुठेतरी सुचवलेलं दाखवा. सुप्रीम कोर्ट म्हणालं असं ताठर नका वागू, कसबी माणूस यंत्र नसतो, त्यालाही थोडं डोकं असतं. आमच्या बाजूने काम करणाऱ्यांना हा निकाल म्हणजे देवच पावला, पण खरं सांगते, मला कधी कधी वाटतं की त्याचा वापर फार सैल होतो. 'कॉमन सेन्स' लिहिलं की झालं, असं नाही ना चालत. माझाच कॉमन सेन्स पहिल्या दिवशी शॉवरपाशी अडकला होता.

आणखी एक मजा सांगते. मामेभावाचं मशीन, ते अडकणं, मी केलेला व्हिडिओ, यातलं काहीच आयपीआरमध्ये पुरावा म्हणून पेटंट पाडायला चालत नाही. आयपीआर म्हणजे इंटर पार्टीज रिव्ह्यू, २०१२ पासून सुरू झालेली ती पेटंट ऑफिसच्या बोर्डासमोरची प्रक्रिया, तिथे आव्हानाचा आधार म्हणून फक्त पेटंट आणि छापील प्रकाशनं. वस्तू बाजारात वीस वर्षं विकली जात असली तरी तिचा कॅटलॉग दाखवा, आणि तो तेव्हा लोकांपर्यंत पोचला होता हेही दाखवा. लोक तरी तिथेच जातात कारण कोर्टात पेटंट पाडायला पुरावा फार वरच्या दर्जाचा लागतो, 'स्पष्ट आणि खात्रीचा', आणि बोर्डासमोर पारडं थोडं झुकलं तरी पुरतं. केस दाखल करून घेतली की एका वर्षात निकाल, अगदीच गरज पडली तर सहा महिने वाढवून. आणि पिटिशनला १४,००० शब्दांची मर्यादा, वकील लोक त्यासाठी एकेका शब्दावर भांडतात ते बघण्यासारखं असतं.

तर चार्ट पूर्ण झाला, प्रेशर वॉशर अधिक बॉल स्विवेल, क्लेम १ चा निकाल लागल्यासारखाच. क्लेम २ ते ८ पण किरकोळ, हे पितळेचं ते स्टीलचं, असलं काही. दोन दिवसांचं काम नऊ दिवसांनी पाठवलं. संध्याकाळी सरांचा फोन, "बाकी छान आहे, क्लेम ९ चं काय?"

क्लेम ९ मी जवळजवळ विसरलेच होते. त्यात म्हटलंय की सीलच्या पुढे एक निमुळती खाच, रंगाचा प्रवाहच ती सतत धुवून काढतो म्हणजे तिथे रंग साचून वाळत नाही. हायड्रॉलिकवाल्यांना हा प्रश्नच नाही, तेल कुठे वाळतंय. त्यामुळे तिकडे काही नाही. अन्न आणि औषधांच्या पाइपिंगमध्ये असे साचू न देणारे सांधे असतात, तिकडे शोधते म्हणाले, पण ते दाबाला इतके हलके की परत तोच 'जमेल का' वाला मुद्दा. आणि क्लायंटच्या मालाचे फोटो होते फाइलमध्ये, मोठा करून बघितला, बघते तर काय, तीच खाच. म्हणजे आठ क्लेम पाडून उपयोग काय, ज्या एका क्लेमने क्लायंट अडकलाय तो तर उभाच.

परत मामेभावाकडे गेले, या वेळी त्याला म्हटलं हा स्विवेल खोलून दाखव. त्याने व्हाइसमध्ये धरून खोलला. आत सीलच्या कडेने पांढऱ्या रंगाची कडक रिंग जमलेली, खडूसारखी. तो टाचणीने ती खरवडायला लागला, तुकडे उडतायत, दहा मिनिटं झाली तरी अर्धीच निघालेली.

"दर दोन-तीन आठवड्यांनी हेच," तो मान वर न करता म्हणाला. "ताई, तू एवढी पेटंटं वाचतेस, हे साचूच नये असं काही काढलंय का गं कुणी?"

काढलंय, म्हटलं. मी तेच पाडायला बसलेय हे काही सांगितलं नाही.