तुम्ही विचारलंत म्हणून : मालाचं जहाज घेऊन लढाईत कशाला?

‘एलिट डेंजरस’ हा अंतराळजहाजांचा संगणकावरचा खेळ खेळणारे ठाणे-ऐरोलीकडचे मित्र भेटले की हा प्रश्न येतोच. लढाईसाठीच बांधलेली एवढी जहाजं असताना तू कीलबॅक का घेतोस? परवा घणसोलीच्या एका नवख्या मुलानेही तेच विचारलं. तोंडी उत्तर अर्धवट राहतं, म्हणून लिहितो.

आधी जहाजाबद्दल. टाइप-६ हे हलकं मालवाहू जहाज, आणि कीलबॅक त्याचाच लढाऊ अवतार. टाइप-६ ला दोनच लहान शस्त्रं लागतात; कीलबॅकला दोन मध्यम आणि दोन लहान. मालाची जागा थोडी घटते. पण पोटात हँगर बसवून छोटं फायटर नेता येतं, आणि एवढ्या स्वस्त जहाजात ही सोय मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पाच नंबरच्या आकाराचे कप्पे दोन. एक हँगरला जातो, दुसऱ्यात मी ढाल बसवतो, उरलेल्यात माल.

आता माझं खरं कारण. माल भरून निघालात की चाचे तुम्हाला शोधत येतातच. ते तुमचा माल स्कॅन करतात आणि सुपरक्रूझमधून, म्हणजे एकाच ताऱ्याच्या परिसरातल्या अतिवेगवान प्रवासातून, खेचून बाहेर काढतात. म्हणजे लढाई तुम्ही निवडा वा न निवडा, मालवाल्याच्या वाट्याला ती आहेच. मग दर वेळी पळायचं कशाला? त्या चाच्याच्या डोक्यावर बहुतेकदा इनामही असतं. ज्या फेरीत माल पोचतो आणि लुटायला आलेल्याचं इनामही खात्यात जमा होतं, ती फेरी मला निव्वळ शिकारीपेक्षा कितीतरी जास्त समाधान देते. आपण काहीतरी राखलं, असं वाटतं.

फक्त कीलबॅकला व्हायपरसारख्या चपळ लढाऊ जहाजासारखं लढवू नका. त्याचं नाक सावकाश वळतं. शत्रूच्या मागे गोल गोल फिरत बसलात तर हराल. खेचाखेची सुरू झाली की थ्रॉटल शून्यावर आणून स्वतःच बाहेर पडा. झगडून हरलात तर जहाज गरगरतं आणि पुन्हा उडी मारायला जास्त थांबावं लागतं. बाहेर आल्यावर आधी समोरच्याला पूर्ण स्कॅन करा. तो ‘वाँटेड’ (डोक्यावर इनाम असलेला) नसताना पहिली गोळी तुम्ही झाडलीत तर गुन्हेगार तुम्हीच ठरता. मग फायटर सोडा आणि त्यातल्या भाड्याच्या पायलटला हल्ल्याचा हुकूम द्या.

इथून पुढचा भाग मला फार आवडतो. शत्रू त्या चपळ फायटरच्या मागे लागला की त्याची पाठ तुमच्याकडे होते. तुम्ही जागा धरून, वेग निम्म्यावर ठेवून मारा करायचा. ढाल उतरेपर्यंत लेझर, मग सांगाड्यावर मल्टी-कॅनन. तो तुमच्याकडे वळला की लगेच चार पिप (जहाजाच्या ऊर्जेचे वाटे) ढालीकडे, आणि फायटर पुन्हा त्याच्या मागे. एकूण पिप सहाच असतात. ते कधी कुठे द्यायचे, यावर अर्धी लढाई ठरते. फायटर फुटलं तर हँगर नवं बनवतो, त्याचा साठा मात्र मर्यादित असतो. हा पायलट कमाईतला हिस्सा घेतो. घेऊ दे, तो त्याच्या कामाचा आहे.

आपल्या किनाऱ्याला हे डावपेच नवे नाहीत. गलबतं व्यापारालाही जात आणि युद्धालाही. आंग्र्यांच्या आरमारात वारा पडला की गलबतं वल्ही मारत मोठ्या गुराबा (तोफांची लढाऊ जहाजं) ओढून नेत आणि शत्रूला मागून गाठत, कारण त्याच्या बहुतेक तोफा कडेला असत. समोरासमोर ताकद कमी पडते तेव्हा जागा नेमकी निवडावी लागते. बेलापूरच्या किल्ल्यापाशी खाडीकडे बघताना हे मला नेहमी आठवतं.

सुरुवात करणाऱ्यांनी खाणकामाच्या कमी धोक्याच्या साइटवर सराव करावा, तिथे पोलिसांचीही मदत होते. ‘हॅझर्डस’ म्हणजे अतिधोक्याच्या साइटवर पोलीस येत नाहीत, तिथे घाईने जाऊ नका. आणि ढाल गेली, मोठं जहाज अंगावर आलं, तर त्याच ताऱ्याच्या परिसरात सुपरक्रूझ गाठायला बघू नका. जवळच्या जड जहाजामुळे उडीचं इंजिन (ड्राइव्ह) चार्ज व्हायला वेळ लागतो. थेट दुसऱ्या ताऱ्याकडे उडी मारा. त्या उडीवर समोरच्याच्या वजनाचा परिणाम होत नाही, म्हणून पुढच्या ताऱ्याचा मार्ग निघतानाच लावून ठेवा.