टगबोटी आहेत, मग ही वेगळी जहाजे कशाला?

मुरगाव बंदरात टगबोटीवर बरीच वर्षे काढल्यामुळे घरच्या समारंभांतही मला हा प्रश्न गाठतोच: बंदरात टगबोटी असताना नौदलांना बचाव आणि सॅल्व्हेजची (म्हणजे रुतलेली-बुडालेली जहाजे सोडवण्याची) वेगळी जहाजे कशाला लागतात? तुम्हीही विचारलेत, म्हणून लिहितो.

टगबोट ओढते, पण रुतलेले जहाज नुसते ओढून क्वचितच सुटते. त्याचे जेवढे वजन पाणी पेलत नाही तेवढे तळावर येते आणि दर लाटेगणिक ते वाळूत आणखी बसते. म्हणून आधी पाणबुडे उतरवून भोके शोधायची, ती बुजवून पंपाने पाणी उपसायचे, इंधन आणि माल काढून जहाज हलके करायचे, भरती साधायची आणि मग ओढायचे. अमेरिकी नौदलाची सेफगार्ड वर्गाची जहाजे यासाठीच बांधलेली. ती केवळ इंजिनाच्या जोरावर विसंबत नाहीत, तर खोल पाण्यात नांगर टाकून त्यांच्या तारा हायड्रॉलिक यंत्रांनी ताणतात. त्यांच्यापैकी ग्रास्प आणि ग्रॅपल यांनी 1996 मध्ये न्यूयॉर्कजवळ समुद्रात कोसळलेल्या प्रवासी विमानाचे अवशेष वर काढले; तिथे तर ओढण्यासारखे काही नव्हतेच.

आपल्या नौदलात 18 जुलै 2025 रोजी विशाखापट्टणमला दाखल झालेली ‘निस्तार’ मुख्यतः पाणबुडीत अडकलेल्यांच्या सुटकेसाठी आहे. याच नावाच्या आधीच्या जहाजावरून पाण्यात उतरलेल्या पाणबुड्यांनी (डायव्हरांनी) 1971 मध्ये बुडालेल्या ‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीची तपासणी केली होती.

खासगी सॅल्व्हेज कंपन्या असतातच, पण त्यांचा जुना करार ‘यश नाही तर पैसे नाहीत’ असा; वाचवलेल्या मालमत्तेच्या किमतीवर मोबदला ठरतो. तोफगोळे लागलेली युद्धनौका अशा घासाघिशीची वाट पाहू शकत नाही, आणि जुनाट रिकाम्या जहाजासाठी (माझ्या मते खरी मेख इथेच आहे) कोणी धावत येत नाही.

हे आम्ही कांदोळीला पाहिले. ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज 6 जून 2000 रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर, किनाऱ्याला लागले. सुरुवातीचे दिवस हातचे गेले, पुढे कागद फिरत राहिले आणि पोटात वाळू भरत गेली. सुमारे बारा वर्षांनी ते हटले, तेही ओढून नव्हे, कापून, तुकड्या-तुकड्यांनी.