आमची वाटचाल : टोमॅटोकडून दुधाच्या पिशवीकडे

धार लावून सुरी हातात दिली की गिऱ्हाईक हमखास अंगठा आडवा फिरवतं आणि म्हणतं, "हं, लागलीये." अंगठ्याला जे खरखरीत लागतं ती बहुतेक वेळा धार नसते, बर असते. घासताना कडेवर पलीकडच्या बाजूला वळून राहिलेला पोलादाचा बारीक पापुद्रा म्हणजे बर. चार कांदे चिरले की तो दुमडतो नाहीतर तुटतो, आणि सुरी होती तशी बोथट. या एका पापुद्र्यापायी आमची तपासायची पद्धत आजवर तीनदा बदलली.

आमच्याकडे येतात मंडईतल्या भाजीवाल्यांचे चाकू, केटररच्या मोठ्या सुऱ्या आणि घरोघरच्या विळ्या. सुरुवातीला सगळ्यांवर एकच उपाय होता, सहा इंची एमरी चाकाचा बेंच ग्राइंडर. मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे, ठिणग्यांचा पाऊस, दोन मिनिटांत काम. पण कड इतकी पातळ असते की ती तापायला क्षणभर पुरतो. कार्बन पोलादाची कड निळी पडली म्हणजे ती साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि पोलादाचं पाणी उतरलं. असं पातं दुकानात कागद सरसर कापतं आणि घरी लवकरच बोथट होतं. ही खोट काउंटरवरच्या कुठल्याही चाचणीत दिसत नाही, म्हणून आधी चाकच बदललं. आता पाण्यावर चालणारा संथ दगड, मग हाताने ४००, १००० आणि ३००० नंबरचे निसणे (नंबर मोठा तितका दगड बारीक), आणि शेवटी हिरवा पॉलिश साबण लावलेला चामड्याचा पट्टा. घरगुती स्टेनलेस सुरीला दोन्ही बाजूंनी वीस-वीस अंशांचा कोन. कडक पोलादाच्या जपानी सुरीला पंधरा. मऊ स्टेनलेसला पंधराचा हट्ट धरला तर कड पहिल्याच दुधी भोपळ्याला वळते.

राहिला प्रश्न तपासण्याचा. वर्तमानपत्राचा कागद चांगला, पण तो दमट हवेत लुळा पडतो आणि जुलैत पुण्यात कोरडा कागद मिळवणं हीच चाचणी. टोमॅटो तर पूर्ण लहरी. एकाची साल जाड, दुसरा पिकून लिबलिबीत. दुकानात पाटी आहे : "टोमॅटो आणल्यास हरकत नाही. निकाल मात्र टोमॅटोचा धरला जाईल, सुरीचा नाही." घरातल्या रिकाम्या डब्या-बाटल्यांचं तसं नाही. कारखान्यातून निघालेली प्रत्येक पिशवी, प्रत्येक बाटली जवळपास एकाच जाडीची असते. आज कापली आणि सहा महिन्यांनी कापली तरी तुलना करता येते.

सगळ्यात कामाची निघाली ती दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी. चितळे असो की कात्रज, पिशवी कापून साबणाने धुवायची आणि पूर्ण वाळवायची, कारण तुपकट राहिली तर पातं घसरतं. स्टीलच्या वाटीच्या तोंडावर ती ढोलकीसारखी ताणून दोन रबर लावायचे. वाटी स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा. मग पात्याचा मधला भाग पिशवीवर सरळ टेकवून दाबत जायचं. ओढायचं नाही, ही एकच अट, पण तीच मोडली जाते. पिशवी फुटताना काट्यावर दिसलेला सर्वांत मोठा आकडा लिहून घ्यायचा. टाचेजवळ म्हणजे मुठीकडच्या बाजूला, मध्ये आणि टोकाजवळ असं तीन जागी करायचं, दर वेळी पिशवीचा कोरा भाग घेऊन. आकडा कमी तितकी धार चांगली. तीन आकड्यांत मोठी तफावत निघाली तर जिथे आकडा मोठा तिथे निसणा नीट लागलेला नाही. टोकाजवळ हे सर्रास होतं, कारण वळणावर मनगट उचललं जात नाही. नुसता आकडा पाठ करून उपयोग नाही, कारण ताण कमीजास्त झाला की तो बदलतो. त्याच वाटीवर, त्याच ताणात, धार लावण्याआधीचा आणि नंतरचा आकडा पाहावा. मे महिन्याच्या दुपारी प्लॅस्टिक सैल पडतं, तेव्हा पिशवी उन्हात वाळवली असेल तर आधी सावलीत गार होऊ द्यावी.

ओढायचं का नाही? ४०० नंबरच्या दगडावरून थेट उचललेल्या पात्याची कड सूक्ष्म करवतीसारखी असते. ओढली की पिशवी, बाटली, काहीही फाडते आणि बघणारा खूश होतो. सरळ दाबल्यावर मात्र तीच कड अडते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टीव्हीवर जिन्सू सुऱ्यांच्या जाहिराती गाजल्या : आधी पत्र्याचा डबा, लगेच टोमॅटो. त्यातलं इंगित दातेरी पात्यात आहे. दात्यांची टोकं झिजली तरी मधल्या खाचांतली धार शाबूत राहते. साध्या पात्याने हा प्रयोग करू नये. शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा कॅन पोलादापेक्षा मऊ खरा, पण बारीक कड त्यावर वळते. आणि गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा तर पोलादी पत्र्याचाच. तो कापून दाखवा म्हणणाऱ्याला आम्ही पत्र्याची कात्री देतो.

पाण्याची बाटली आम्ही हवेत वार करून कापत नाही. लिटरची रिकामी बाटली आधी कात्रीने मधोमध कापायची. खालचा अर्धा भाग पाटावर उभा ठेवायचा, पाटाखाली ओलं फडकं. मोकळ्या काठावर पातं टेकवून सरळ खाली दाबायचं. धार असेल तर काठ आत न वाकता पातं उतरतं. बोथट असेल तर काठ आधी आत चेपतो, मग पातं निसटतं आणि ते बोटांकडेच येतं, म्हणून धरणाऱ्या हातात जाड हातमोजा हवाच. बाटलीच्या वळ्या असतात तिथे कापू नये, वळीवर चांगलं पातंही अडखळतं. एक गोष्ट बाटलीतूनच कळते : कड धारदार असूनही पातं अर्ध्यात रुतून बसलं, तर दोष धारेचा नसतो. वर्षानुवर्षं घासून पातं धारेच्या मागे जाड झालेलं असतं, ते बाजूंनी पातळ करून घ्यावं लागतं.

चहाच्या कागदी कपाचंही असंच, मात्र वरचा गुंडाळलेला काठ आधी कापून टाकायचा. पूर्वी थर्माकोलचे पेले वापरत असू. २०१८ च्या राज्याच्या प्लॅस्टिकबंदीत ते गेले. त्यांचं फार दुःख नाही, कारण थर्माकोल कापताना करकरतो तो धारदार सुरीलाही आणि बोथट सुरीलाही.

ज्यूसचा किंवा ताकाचा टेट्रा पॅक ही शेवटची पायरी. पुठ्ठा, पॉलिथीन आणि ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असे थर त्यात एकमेकांना चिकटलेले असतात. धुऊन, उलगडून, वाळवून इंचभर रुंदीच्या पट्ट्या करायच्या आणि टाचेपासून टोकापर्यंत एकाच ओढीत कापायच्या. आता बघायचं ते सुरीकडे नाही, पट्टीच्या कापलेल्या कडेकडे. चांगल्या धारेने कापलेली कड सरळ आणि गुळगुळीत असते. पुठ्ठ्याचे पांढरे तंतू बाहेर लोंबत असतील तर पात्याची कड अजून खरबरीत आहे. चंदेरी थर सुरकुतून पुठ्ठ्यापासून सुटला असेल तर पातं कापत नाही, रेटतं आहे. ठरावीक जागी पट्टी अडकत असेल तर तिथे खाच आहे किंवा बर उरली आहे. खाच असेल तर परत ४०० वर, बर असेल तर चामड्याच्या पट्ट्यावर हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी पाच-पाच फेऱ्या. मात्र गिऱ्हाइकाच्या सुरीने तीनपेक्षा जास्त पट्ट्या कापायच्या नाहीत. पुठ्ठा धार खातो. तपासून झालं की पातं पुन्हा चामड्यावर फिरवून मगच कागदात गुंडाळायचं.

विळीला यातलं काही जसंच्या तसं लागू होत नाही, पातं पाटाला बसवलेलं असतं. तिथे दुधाच्या पिशवीची दोन बोटं रुंद पट्टी दोन्ही हातांनी ताणून, हात पात्यापासून वीतभर लांब ठेवून, न सरकवता धारेवर टेकवायची. बाटली विळीकडे न्यायची नाही. ती गोल फिरते.

कापलेल्या बाटल्यांच्या कडा सुरीपेक्षा जास्त जखमा करतात. ते तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या पोत्यात जातात, आणि पोतं उचलताना कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना आत काय आहे ते आधी सांगितलं जातं.