इंजिन बांधायचं की बदलायचं? मिशिगनमध्ये एक उत्तर, येळ्ळूरला दुसरं

बेळगावात गाडी धूर मारायला लागली की माणूस गॅरेजवाल्याला पहिलं विचारतो, हाफ इंजिनवर भागंल की फुल करायला लागंल, म्हणजे अर्धं इंजिन खोलून बांधायचं की पूर्ण? इथं मिशिगनमध्ये तेच झालं की विचारतात, दुसरं इंजिन कितीला मिळेल. इंजिन खोलून बांधायचा, म्हणजे झिजलेलं मापात करून परत जोडायचा, विषय गॅरेजमध्ये निघतच नाही, तुम्ही काढलात तर समोरचा माणूस जरा थांबून बघतो. यंदा माझ्यावर दोन्हीकडनं एकदमच हा प्रश्न आला, इकडं नोवायला माझी सेकंडहँड पेट्रोल सेडान आणि तिकडं बेळगावजवळ येळ्ळूरला बाबांची जुनी डिझेल जीप, आणि मी इथं इंजिन बदललं, तिकडं मात्र बांधायलाच लावलं. दोन्ही निर्णय मला मनापासून पटलेत. का पटलेत ते जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडं हल्ली "कशाला खोलत बसता, कोल्हापूरकडनं वापरलेलं इंजिन आणून टाका" म्हणणारे वाढलेत, आणि इकडं नवीन आलेल्या आपल्या पोरांना कुणीतरी पहिल्याच आकड्यात घाबरवून चांगली गाडी भंगारात द्यायला लावतं.

आधी इथलं सांगते. नोवाय म्हणजे डेट्रॉइटचं उपनगर, आपली माणसं भरपूर, पण गाडी नसली तर दूध आणायला पण जाता येत नाही. बस म्हणाल तर नावाला, आणि जानेवारीत बर्फात चालत जाणार कुठं. माझी गाडी हजार मैलाला जवळपास लिटरभर ऑईल खायला लागली होती, खाली एक थेंब पडत नव्हता, म्हणजे ते आतच जळत होतं. सकाळी स्टार्ट केल्यावर एकदाच निळा धूर येऊन थांबला तर बहुतेक वेळा व्हॉल्व सील गेलेले असतात, आणि हायवेला चढताना अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मागं निळा पट्टा दिसला तर रिंगकडं, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांकडं, संशय जातो. माझा दुसऱ्यातला प्रकार होता. तरी मी सगळ्यात आधी पीसीव्ही व्हॉल्व बदलायला सांगितला, इंजिनमधली वाफ परत इनटेकमध्ये ओढून घेणारा तो छोटा व्हॉल्व, तो अडकला तरी गाडी ऑईल पिते आणि पार्ट अगदी स्वस्तातला आहे. त्यानं फरक पडला नाही, मग पुढची तपासणी.

ही तपासणी करायला लावा, हे मी कळवळून सांगते. गाडी इथली असो की तिथली, आकडे हातात आल्याशिवाय कुणालाही हो म्हणू नका. इंजिन गरम करून चारही स्पार्क प्लग काढतात, एकेका भोकात गेज बसवून थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून इंजिन नुसतं फिरवतात, त्याला कॉम्प्रेशन टेस्ट म्हणतात. माझ्या दोन सिलिंडरमध्ये १५५ आणि १५० पीएसआय (दाबाचं माप) आले, उरलेल्या दोघांत शंभरच्या आत. चारही सिलिंडर थोडे थोडे कमी असते तरी गाडी चालून गेली असती, पण एकमेकांत इतका फरक म्हणजे काहीतरी गेलंय. मग त्या दोन सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल घालून परत गेज लावला, आकडा चढून १४० वर गेला. ऑईलनं तात्पुरती फट बुजली म्हणून आकडा चढला, म्हणजे रिंग. व्हॉल्व गळत असता तर ऑईल घालून काही फरक पडला नसता.

तरी मी लीकडाउन टेस्ट पण करून घेतली, कारण पैसे माझे जाणार होते. पिस्टन एकदम वर आणून ठेवायचा, दोन्ही व्हॉल्व बंद, आणि प्लगच्या भोकातनं कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची, मग हवा कुठनं बाहेर येते ते कान लावून ऐकायचं. सायलेन्सरमध्ये आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व, इनटेककडं आला तर इनटेक व्हॉल्व, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (सिलिंडरच्या वरचं पॅकिंग). मेकॅनिकनं मला जवळ बोलावलं, ऑईल भरायचं टोपण काढून तिथं कान न्यायला सांगितला, आणि आतनं सरळ सुस्स सुस्स असा वारा येत होता, गालाला लागत होता, म्हणजे हवा रिंगांवरनं खाली गळत होती. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, काकांच्या लेथवर शाळेच्या सुट्ट्या काढलेल्या बाई, तो आवाज ऐकल्यावर कुणी काही समजावून सांगायची गरज राहिली नाही.

आता दुसरं इंजिन घालण्याइतकी ती गाडी चांगली आहे का, हा इथला खरा प्रश्न, आणि तो आपल्याकडं सहसा येत नाही. मिशिगनमध्ये थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाड्या खालनं खातात, इंजिन उत्तम आणि चॅसिसला भोकं अशा गाड्या इथं ढिगानं आहेत. मेकॅनिकनं लिफ्टवर घेऊन दाराखालच्या पट्टीला आणि सबफ्रेमला स्क्रूड्रायव्हर मारून बघितला, सगळं घट्ट. माझी गाडी आधीची बरीच वर्षं टेक्सासमध्ये होती, त्याचा हा फायदा. गिअरबॉक्सचं ऑईल लाल, जळका वास नाही. हे दोन्ही ठीक नसतं तर मी इंजिनचा विचार केला नसता, गाडी आहे तशी विकली असती.

पैशाचं गणित असं होतं. इथं गॅरेजचा मजुरीचा दर तासाला १३५ डॉलर, इंजिन काढून बसवायला १४ तास, म्हणजे १,८९० डॉलर, कुठलंही इंजिन घाला, हे लागणारच. जंकयार्डचं, म्हणजे भंगारातल्या गाडीतनं काढलेलं, सत्तर हजार मैल चाललेलं इंजिन १,१०० ला, वर सील-गॅस्केट-पट्टा वगैरे ४१०, एकूण ३,४००. कारखान्यात नव्यानं तयार केलेलं इंजिन घेतलं तर सगळं मिळून सहा हजारांच्या आसपास, आणि जुनं इंजिन परत केलं नाही तर डिपॉझिट जातं. आणि माझंच इंजिन बांधायचं तर? मी खरंच विचारलं, मला तेच आवडलं असतं. एक मशीन शॉप मिळालं, म्हातारे गृहस्थ, जुन्या आणि रेसच्या गाड्यांचे ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं इंजिनचं धड, करतात, काम बघूनच कळत होतं की हात सोन्याचा आहे. त्यांनी पार्ट, मशीनिंग, जोडणी धरून ४,२०० सांगितले, त्यावर काढायची-बसवायची मजुरी वेगळी, आणि महिना-दीड महिना थांबायचं. तोवर भाड्यानं गाडी. चांगल्या इंजिनसकट माझ्या गाडीची किंमत साडेसहा हजाराच्या आत-बाहेर, त्यात सहा हजार घालायला मन धजलं नाही. पण ३,४०० घालून आणखी काही वर्षं मिळत असतील तर १२ हजाराचं कर्ज काढून दुसऱ्याची अनोळखी गाडी घेण्यापेक्षा हे बरं, तिचं इंजिन कसं असेल ते कुणाला माहीत.

जुनं इंजिन घेताना मात्र मी चिकटपणा केला. ज्या गाडीतनं काढलं तिचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, मागून घेतला, इथल्या गाड्यांत त्यातलं आठवं अक्षर बहुतेक करून इंजिनचा प्रकार सांगतं, ते जुळलं का बघितलं. जंकयार्डची ९० दिवसांची वॉरंटी फक्त इंजिनची होती, ते बिघडलं तर दुसरं देतील पण मजुरी परत आपल्या खिशातनं, म्हणून थोडे जास्त भरून मजुरीची वॉरंटी पण घेतली. इंजिन बाहेर लोंबकळत असतानाच मागचं क्रँक सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट बदलून घेतलं, नंतर त्याच सीलसाठी गिअरबॉक्स उतरवायला लागतो. आणि गाडीत बसवायच्या आधी, स्टँडवर असतानाच, त्याचं पण कॉम्प्रेशन बघायला लावलं. मिशिगनमध्ये कामाआधी लेखी अंदाज द्यायचा कायदाच आहे आणि काढलेले पार्ट मागितले तर दाखवायला लागतात, हे नवीन आलेल्यांना माहीत नसतं, मागा, लाजू नका.

आता येळ्ळूर. बाबांच्या जीपचं पिकअप गेलं होतं, चोर्ला घाटात मागची सगळी वाहनं हॉर्न मारायची, आणि ऑईलचं टोपण उघडलं की भकाभका धूर. ओळखीच्या एकानं कोल्हापूरकडचं ७० हजाराचं इंजिन सुचवलं होतं, चार दिवसांत गाडी रस्त्यावर म्हणाला. बाबांचा जवळजवळ होकार झाला होता. मी जुलैत सुट्टीला घरी होते, म्हटलं बाबा थांबा, आधी दादाला ब्लॉक बघू दे.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, उद्यमबागेत बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे झिजलेल्या सिलिंडरचं भोक (बोअर) मोठं करून घासून मापात आणायचं, काम करतो. जगात इंजिन कुठंही बनू दे, त्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतणारी, क्रँकशाफ्ट (पिस्टननं फिरणारा दांडा) घासणारी, मायक्रॉनमध्ये बोलणारी माणसं आपल्या तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढं गल्लोगल्ली बसलीत, आणि हे आपल्याच लोकांच्या लक्षात राहत नाही याचं मला फार वाईट वाटतं. नोवायला ज्या कामाला मी म्हाताऱ्या गृहस्थांकडं महिनाभराची वेळ मागितली असती ते काम दादाच्या दुकानात रोज चालतंय, आणि एका सिलिंडरच्या बोअरिंग-होनिंगला काही शे रुपये.

दादा म्हणाला, "अगं, कोल्हापूरचं इंजिन चांगलं असेल की, खरं ते किती चाललंय कोण सांगणार? मीटर गाडीबरोबर गेलाय. हा ब्लॉक आपल्या डोळ्यासमोरचा हाय." त्यानं बोअर गेज आत सोडला, वर, मध्ये, खाली, आणि मग आडवा फिरवून परत तिन्ही ठिकाणी. वरच्या बाजूला, जिथं वरची रिंग उलटते, तिथं सगळ्यात जास्त झीज, ०.१८ मिलिमीटर, आणि बोअर थोडा लंबगोल. खाली जवळजवळ नवा. ब्लॉक स्टँडर्डवरच होता, एकदाही बोअर झालेला नाही. ०.२५ ओव्हरसाइजमध्ये, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढे मिलिमीटर मोठं केल्यावर, तो लंबगोल साफ निघेलच असं नाही म्हणून ०.५० चे पिस्टन, आणि तरी पुढच्या वेळेला जागा उरतेच. क्रँकशाफ्टला ०.२५ चं ग्राइंडिंग.

एक गोष्ट त्याच्याकडनं शिकण्यासारखी, तो पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करत नाही. पिस्टनच्या खोक्यावरच्या आकड्यावर जात नाही, चारही पिस्टन मायक्रोमीटरनं मोजतो, त्यावर मार्करनं १ ते ४ घालतो आणि ज्याचा त्याचा बोअर ज्याच्या त्याच्या मापाला करतो. होनिंग झाल्यावर गरम पाणी, साबण आणि ब्रशनं बोअर घासून घासून धुतो, पांढरं फडकं आत फिरवून करडं येतंय तोवर परत धुतो, कारण होनिंगची बारीक पूड नुसत्या रॉकेलनं निघत नाही आणि राहिली तर नव्या रिंगा तीच खाते. मग लगेच ऑईल, आमच्या जुलैच्या हवेत उघडं बीड बघता बघता तांबूस होतं.

खर्च ८५ हजार, नोझल तपासणी आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारा भाग) धरून. म्हणजे दुसऱ्या इंजिनपेक्षा १५ हजार जास्त, आणि इथं मला एक क्षण पण शंका वाटली नाही. त्या ७० हजाराच्या इंजिनला वर सील, पट्टा, मजुरी लागणारच होती. शिवाय कागदाचा भाग आहे, तो सीमाभागात विसरून चालत नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो. महाराष्ट्रातल्या मोडीत काढलेल्या गाडीचं इंजिन केए-२२ च्या, म्हणजे बेळगावच्या नंबरच्या, जीपमध्ये बसवलं की ते कुठनं आलं त्याचे कागद, बिल, आरटीओत नोंद, हे सगळं आलंच, आणि नोंद केली नाही तर इन्शुरन्सच्या क्लेमला नाहीतर गाडी विकताना अडकायचं. स्वतःचा ब्लॉक बोअर केला तर नंबर तोच राहतो. जीपची १५ वर्षं व्हायला अजून वेळ आहे, आणि झाली तरी आपल्याकडं फिटनेस दाखवून रजिस्ट्रेशन ५ वर्षांनी वाढवता येतं, दिल्लीकडचा १० वर्षांच्या डिझेलचा नियम इकडं नाही, म्हणून ८५ हजार घालायला हरकत नव्हती.

फक्त एक, इंजिन का झिजलं ते शोधल्याशिवाय बांधून उपयोग नाही. एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधला रबरी पाइप क्लिपपाशी चिरला होता, खानापूरकडच्या तांबड्या धुळीतनं फिरताना सगळी धूळ फिल्टर चुकवून थेट आत जात होती. तो नव्वद रुपयांचा तुकडा नसता बदलला तर नव्या रिंगांचं पण तेच झालं असतं. तुमच्याकडं डिझेल गाडी असेल आणि शेताकडं जात असेल तर तो पाइप आजच हातानं दाबून बघा.

आता रनिंग-इन, म्हणजे नव्यानं बांधलेलं इंजिन सुरुवातीला जपून चालवणं, चालू आहे. बाबांना सांगितलंय, नुसतं उभं करून तासभर चालू ठेवायचं नाही, रिंगा बसायला थोडा लोड लागतो, आणि एकाच स्पीडला हायवेवर पण नेऊ नका, खानापूर रोडला वर-खाली स्पीड करत चालवा. पाचशे किलोमीटरला पहिलं ऑईल आणि फिल्टर टाकून द्यायचा, कितीही स्वच्छ दिसू दे. तवंदी घाट सध्या नको, हजार झाल्यावर.