वृत्त ओळखणारा प्रोग्रॅम, नोंद ३ : जेव्हीएम तेच, भाषा कोणती?

मात्रामोजणी जावात लिहायची नाही हे ठरलं होतं, पण जेव्हीएम, म्हणजे जावाचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात आणि इतर भाषांचेही चालू शकतात ते व्यासपीठ, सोडायचं नव्हतं. कारण आयसीयू-फोर-जे. देवनागरीची अक्षरं पाडायला (मजकुराचे अक्षरागणिक तुकडे करायला) ही लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा कोड, मला सगळ्यांत भरवशाची वाटते. ७४व्या आवृत्तीपासून तिच्यात युनिकोड या लिपीमानकाच्या १५.१ आवृत्तीचे नियम आहेत, त्यामुळे ‘क्षा’ एकसंध मिळतो. जुन्या नियमांनी ‘क्’ आणि ‘षा’ असे दोन तुकडे पडायचे, आणि मग वृत्त जुळणार तरी कसं?

परीक्षेला भुजंगप्रयाताची एक ओळ घेतली. य-गण (लघू, गुरू, गुरू) चारदा, १२ अक्षरं.

जायथन, म्हणजे जेव्हीएमवर चालणारी पायथन, लगेच बाजूला ठेवली. ती अजून पायथन २.७ वर आहे. प्रत्येक मराठी शब्दाआधी ‘यू’ लावा, विसरलात तर अक्षरांऐवजी बाइट मोजले जातात.

जेरुबी, म्हणजे जेव्हीएमवरची रुबी, लिहायला फार गोड. पण तिची स्ट्रिंग (मजकूर साठवायचा प्रकार) रुबीची स्वतःची, जावाची नव्हे. रुबीची अक्षरं पाडायची सोय वापरली तर माझ्याकडच्या आवृत्तीत ‘क्षा’ पुन्हा फुटला. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन उत्तरं नकोत.

ग्रूव्ही आणि क्लोजर या जेव्हीएमवरच्या आणखी दोन भाषा थेट जावाचीच स्ट्रिंग वापरतात, म्हणून खरी चुरस यांच्यात. पुढे जोडाक्षर आलं की मागचं लघू अक्षर गुरू होतं, म्हणजे अक्षरं दोन-दोनच्या सरकत्या जोड्यांत बघायची. क्लोजरमध्ये ‘पार्टिशन २ १’ (दोन-दोनची जोडी, दर वेळी एक अक्षर पुढे) लिहिलं आणि उत्तर ११ आलं! अर्धा रविवार मी लघु-गुरूच्या नियमात चूक शोधत होतो. शेवटच्या अक्षराला जोडीदार नसल्याने ते गळत होतं. शेवटी एक ‘निल’ (रिकामी किंमत) भरल्यावर १२ झाले. ग्रूव्हीचं ‘कोलेट’ हेच काम करताना तेच शेवटचं अक्षर आपणहून राखतं. शिवाय ‘ग्रॅब’ची एक ओळ लिहिली की लायब्ररी आपोआप उतरते, सगळं काम एका फाइलीत. हे मित्रांना पाठवायचंय, त्यांतले निम्मे प्रोग्रॅमर नाहीत. म्हणून ग्रूव्ही. क्लोजरची न बदलणारी यादी मला जास्त सुंदर वाटते, तरीही.

आता ‘तुम्ही’ आणि ‘पुन्हा’. इथे जोडाक्षराचा आघात मागे येत नाही, ‘तु’ आणि ‘पु’ लघूच राहतात, पण प्रोग्रॅम दोन्ही गुरू धरतो. अशा शब्दांची यादी करायला घेतली आहे, सध्या २३ झालेत. तुमच्याकडचे कळवा.